बॅटरीवर तापणारे जाकीट: घेताना काय पाहावे, विकताना काय सांगावे

मध्य मुंबईत आमच्या एका स्नेह्यांचे तयार कपड्यांचे दुकान आहे. पावसाळ्यात रेनकोट, शाळा सुरू होताना गणवेश आणि थंडीच्या तोंडावर स्वेटर-जाकीट असा त्यांचा वर्षाचा क्रम ठरलेला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी प्रथमच एक नवा माल ठेवला. बॅटरीवर तापणारी जाकिटे. घाऊक बाजारातून तीस नग आणले, तेही रोखीने. मोटरसायकलवर लडाखला जाणाऱ्या पोरांकडून विचारणा होत होती, म्हणून हे धाडस.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आम्ही त्यांच्याकडे चहा घेत बसलो असता एक तरुण आला आणि त्याने पिशवीतून जाकीट काढून गल्ल्यापाशी ठेवले.

“चाचा, खोक्यावर आठ तास लिहिलंय. खारदुंगला चढताना अडीच तासांत गार पडलं. पुढं नुसतं ओझं झालं.”

स्नेह्यांनी जाकीट उलटेपालटे करून पाहिले. तार शाबूत होती. बटन दाबले की लाल दिवा लागत होता आणि पाठीला हात लावला की ऊबही जाणवत होती. पॉवर बँकही नवी होती. “मालात तर खोट दिसत नाही रे,” असे म्हणून ते आमच्याकडे पाहू लागले. आम्ही खोके हातात घेतले. आठ तास हा आकडा बोटभर उंच छापलेला होता आणि त्याच्या खाली मुंगीच्या अक्षरांत लिहिले होते की हा वेळ सर्वांत कमी तापमानावर चालवल्यास मिळतो. छापणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. पण गिऱ्हाईकाला जे कळायला हवे होते तेही सांगितले नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही या मालाची माहिती जमवत आलो आहोत. आमच्या वाचकांत कपड्याचे व्यापारी आहेत, शिंपीकाम करणारे कारागीर आहेत, मोबाईल आणि बॅटरीची दुकाने चालवणारेही आहेत. हा माल तिघांच्याही हद्दीत येतो, आणि म्हणूनच तो कोणालाच पुरता ठाऊक नसतो. कपडेवाल्याला वॅट कळत नाही, बॅटरीवाल्याला अस्तर कळत नाही.

तासांचा हिशेब

आधी हिशेबाचे पाहू, कारण तक्रारी बहुतेक तिथूनच येतात. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच असे लिहिलेले असते. हा आकडा आतल्या सेलचा, आणि सेल ३.७ व्होल्टचा असतो. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागले की ३७ वॅट-अवर येतात. बँकेत एवढीच पुंजी आहे. पण जाकीट यूएसबीवर ५ व्होल्ट मागते. ३.७ चे ५ करताना आतल्या सर्किटमध्ये काही शक्ती उष्णता होऊन जाते. हाती सुमारे ३० वॅट-अवर उरतात असे धरून चालावे.

आता खर्चाची बाजू. ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेले जाकीट पूर्ण तापमानावर १० वॅट खाते. ३० भागिले १०, म्हणजे तीन तास. तेच जाकीट सर्वांत खालच्या पायरीवर ४ वॅट खात असेल तर साडेसात तास चालते, आणि त्याचे खोक्यावर आठ होतात. खारदुंगसारख्या साडेसतरा हजार फुटांवरच्या खिंडीत कोणी खालच्या पायरीवर ठेवणार नाही. शिवाय थंडीत लिथियम बॅटरीची ताकदच घटते. शून्याखाली दहा-वीस अंशांवर ती घट चांगलीच जाणवते. म्हणजे त्या तरुणाला मिळालेले अडीच तास अगदी हिशेबाप्रमाणे होते.

यातून दुकानदाराने एक गोष्ट उचलावी. एमएएच पाहून माल घेऊ नये आणि विकूही नये. बॅटरीचे वॅट-अवर किती आणि कपड्याचे वॅट किती, हे दोन आकडे मागावेत. ज्या घाऊक व्यापाऱ्याला दुसरा आकडा सांगता येत नाही त्याच्याकडून पहिल्या खेपेला एकच नग घ्यावा. बाजारात यूएसबीचे छोटे मीटर स्वस्तात मिळते. ते पॉवर बँक आणि जाकीट यांच्यामध्ये जोडले की व्होल्ट आणि अँपिअर समोर दिसतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट. कापडाची परीक्षा आपण बोटांनी करतो, तशी ही परीक्षा मीटरने करायची, इतकेच.

पॉवर बँकेच्या बाबतीत तराजूही कामाला येतो. आतला नेहमीचा गोल सेल सुमारे ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर ३५०० एमएएच मावतात. २०,००० एमएएच म्हटले की असे सहा सेल हवेत. म्हणजे नुसते सेलच पाव किलोच्या वर जातात. चपटे सेल थोडे हलके असतात, पण फरक फार नसतो. हातात घेतल्यावर पिसासारखी हलकी लागणारी ‘२०,०००’ ची बँक कोणी दाखवली तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

बँकेचे छिद्रही पाहावे. जाकिटाला २ अँपिअर लागत असतील आणि बँकेच्या छिद्रावर १ अँपिअर लिहिलेले असेल, तर बँक भार न सोसून मध्येच बंद पडते आणि दोष जाकिटाला लागतो. काही जाकिटे यूएसबीवर चालतच नाहीत. त्यांना ७.४ व्होल्टची स्वतःची बॅटरी लागते. ती जास्त तापतात आणि लवकर तापतात, परंतु बॅटरी हरवली किंवा बिघडली की त्याच कंपनीची शोधत फिरावे लागते. लांबच्या प्रवासाला यूएसबीचे बरे, कारण बँक कुठेही मिळते. हे आमचे मत. रोज पहाटे दोन तास ज्याला थंडीत काढायचे आहेत, त्याला ७.४ व्होल्टचे घेण्यास हरकत नाही.

मोटरसायकलच्याच बॅटरीवर चालणारी १२ व्होल्टची जाकिटेही असतात. त्यांची ऊब दांडगी असते, पण त्यांना ६०-७० वॅट आणि त्याहून अधिक लागतात. लहान गाडीच्या चार्जिंगला हा भार पेलत नाही. घाटात इंजीन बंद करून फोटो काढत राहिले आणि जाकीट चालूच राहिले, तर पुढे गाडी ढकलण्याची वेळ यायची. मोठ्या गाडीसाठी आणि जाणकार मेकॅनिकच्या हातूनच ते बसवावे.

दहा वॅट म्हणजे किती ऊब?

स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता देत असते. त्यापुढे जाकिटाचे दहा वॅट म्हणजे रुपयाला दहा पैसे. अंगाची स्वतःची ऊब टिकवण्याचे काम कपडाच करतो. बॅटरी त्यात थोडी भर घालते. त्यामुळे पातळ कापडाच्या जाकिटात तारा घालून ते ‘उणे वीसचे’ म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

ते घालण्याची पद्धतही लोकांना ठाऊक नसते. पुष्कळ जण जाड स्वेटरवर तापणारे जाकीट चढवतात. मग पट्ट्यांची ऊब स्वेटरच्या बाहेरच राहते आणि वारा ती पळवतो. आत एक पातळ बनियन किंवा थर्मल, त्यावर अंगाला बेताने चिकटणारे तापणारे जाकीट, त्यावर जाड कपडा आणि सर्वांत वर वारा अडवणारे कवच, हा क्रम बरोबर. म्हणूनच आम्हाला बाह्यांच्या जाकिटापेक्षा बिनबाह्यांची बंडी पसंत पडते. ती आत नीट बसते, वजनाला हलकी असते आणि दामालाही कमी पडते. गिऱ्हाईकाला बसेल त्यापेक्षा एक माप मोठे देण्याची आपल्या दुकानांची जुनी सवय इथे मोडावी लागेल.

पट्ट्या कुठे आहेत हेही पाहावे. पाठीचा वरचा भाग, छाती आणि मान या जागा कामाच्या. छाती-पाठ उबदार राहिली तर शरीर हातापायांकडे रक्त पाठवायला कुचराई करत नाही, त्यामुळे बोटांनाही थोडा फायदा होतो. नऊ पट्ट्या, अकरा पट्ट्या अशी जाहिरात करतात, परंतु बँक तीच आणि वॅट तेच असतील तर अकरा ठिकाणी वाटणी होऊन प्रत्येक जागा कोमटच राहणार. चार पट्ट्यांचे चांगले जाकीट अकराच्या स्वस्त जाकिटापेक्षा आम्ही केव्हाही घेऊ.

आणि हे कोणासाठी? जो थंडीत स्थिर बसतो त्याच्यासाठी. मोटरसायकलस्वार, रात्रीचा पहारेकरी, बर्फाळ भागातला वाहनचालक, गुलमर्गला बर्फावर घसरणाऱ्या मुलांची वाट पाहत उभे असलेले आईबाप. जो चालतो आहे, चढतो आहे, ओझे वाहतो आहे, त्याच्या अंगात आधीच उष्णता निर्माण होत असते. त्याने जाकीट चालू ठेवले तर घाम येतो, आतला कपडा भिजतो, आणि थांबल्यावर तीच ओल अंग गोठवते. झंस्कार नदीच्या बर्फावरून चालण्याचा जो चादर ट्रेक जानेवारी-फेब्रुवारीत होतो, तिथे जाणाऱ्यांनी चालताना जाकीट बंद ठेवून मुक्कामावर ते चालू करावे. महाबळेश्वरला चार दिवस जाणाऱ्याला हे विकू नये. निफाडचा पारा कितीही उतरला तरी तिथे जाड स्वेटर आणि कानटोपी पुरते.

कांगडीचा धडा

अंगावर विस्तव घेऊन फिरण्याची कल्पना नवी नाही. काश्मिरात फेरनच्या आत कांगडी धरतात. मातीचे लहान भांडे, त्याभोवती वेताकाड्यांचे विणकाम आणि आत कोळशाचे निखारे. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरा इथल्या कारागिरांची कांगडी नावाजलेली आहे. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लाई कलाँ’ सुरू झाला की घराघरात ती पेटते. हिवाळ्यात शाली घेऊन आपल्या गावांत येणारे काश्मिरी फेरीवाले बंधू दुकानाच्या ओट्यावर बसले की त्यांच्याकडून कांगडीच्या गोष्टी ऐकाव्यात. त्यांच्यापैकी एकाला आम्ही हे जाकीट दाखवले. त्याने ते घालून पाहिले, हसला आणि म्हणाला की वीज गेली तर हे कुठे पेटवायचे? प्रश्न बिनतोड होता.

पण कांगडीची दुसरी बाजूही आहे. १८६६ साली श्रीनगरात काम करणाऱ्या डॉ. एल्मस्ली यांनी लिहून ठेवले की पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा एक कर्करोग काश्मिरी लोकांत आढळतो आणि त्याचा संबंध कांगडीशी आहे. पुढे वैद्यकाच्या पुस्तकांत तो ‘कांगडी कॅन्सर’ याच नावाने गेला. वर्षानुवर्षे एकाच जागी ऊब घेतल्याने आधी कातडीवर तांबूस-तपकिरी जाळी उमटते. मांडीवर गरम लॅपटॉप ठेवून तासन् तास काम करणाऱ्यांनाही डॉक्टरांना हीच जाळी दिसली आहे.

बॅटरीच्या जाकिटात निखारा नाही, धूर नाही, आणि वापरही वर्षातून थोडे दिवस. तेव्हा कर्करोगाचे नाव काढून गिऱ्हाईकाला घाबरवण्याचे कारण नाही. परंतु कातडीला भाजण्यासाठी निखाराच लागतो असेही नाही. सुमारे ४४ अंश सेल्सिअसची वस्तू सहा-एक तास एकाच जागी चिकटून राहिली तर कातडी भाजू शकते. हाताला ती फक्त सुखद गरम लागते, हीच त्यातली फसवणूक. म्हणून तापणारा कपडा उघड्या अंगावर घालू नये, आत पातळ कपडा असावाच. अंग उबले की पायरी कमी करावी. आणि जाकीट, मोजे किंवा काहीही चालू ठेवून झोपू नये. लेहच्या हॉटेलात किंवा तंबूत हा मोह फार होतो.

त्याच दुकानात आम्ही पाहिलेला एक प्रसंग इथे सांगतो. एक बाई आपल्या अब्बांसाठी तापणारे मोजे मागायला आल्या. कुटुंब डिसेंबरात काश्मीरला निघाले होते आणि अब्बांचे पाय नेहमी गार पडतात, अशी त्यांची काळजी. स्नेह्यांनी सहज विचारले, “त्यांना शुगर आहे का?” वीस वर्षांपासून आहे, असे उत्तर आले. स्नेह्यांनी मोजे परत फळीवर ठेवले. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. चटका बसला तरी कळत नाही, फोड आला तरी कळत नाही, आणि तसा एक फोड पाय जाण्यापर्यंत नेऊ शकतो. “बहनजी, लोकरीचे दोन जोड न्या, आणि हे पाहिजेच असतील तर आधी डॉक्टरांना विचारून या,” असे ते म्हणाले. तीन हजारांची विक्री साडेतीनशेवर आली. लहान मुले, लकव्याने एक बाजू गेलेले आणि झोपेची गोळी घेणारे यांच्याबाबतही हीच खबरदारी हवी.

शॉक बसेल का, असे पुष्कळ गिऱ्हाईक विचारतात. ५ ते १२ व्होल्टने शॉक बसत नाही. भीती बाळगायचीच तर बॅटरीची बाळगावी. फुगलेली, आपटलेली, भिजलेली बँक खिशात ठेवू नये. थंडीत बॅटरी बाहेरच्या खिशात न ठेवता आतल्या खिशात ठेवावी, म्हणजे ती अंगाच्या उबेत राहून जास्त चालते. मात्र शून्याखाली गेलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. गोठलेल्या सेलमध्ये चार्जिंग केल्यास आत धातूचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो, प्रसंगी धोकादायकही होतो. खोलीत आणून तासभर ठेवावी, गारवा गेला की मग लावावी.

हातमोजे आणि चामडे

स्वाराला सर्वांत आधी बोटे छळतात, त्यामुळे हातमोज्यांना मागणी राहते. त्यांच्या मनगटात प्रत्येकी एक छोटी बॅटरी असते. ७.४ व्होल्ट आणि २२०० एमएएच म्हणजे सुमारे १६ वॅट-अवर, म्हणून पूर्ण तापमानावर दोन-तीन तासांपेक्षा जास्त आशा करू नये. बोटांच्या टोकापर्यंत तार गेली आहे की नुसती पंजाच्या पाठीवर आहे, हे हात घालून आणि चालू करूनच कळते. ब्रेक आणि क्लच दाबता येईल इतका तळवा लवचीक हवा. मोज्यांत तळव्याखालून तार गेलेली नको. चालताना ती रोज हजारदा मुडपते आणि तुटते. बोटांच्या वरून गेलेली बरी.

आमच्या गिऱ्हाइकांकडून हमखास येणारा प्रश्न चामड्याचा. परदेशी कामाच्या आणि खेळाच्या हातमोज्यांत डुकराचे चामडे सर्रास वापरतात, कारण ते मऊ, टिकाऊ आणि स्वस्त पडते. खोक्यावर नुसते ‘अस्सल चामडे’ लिहिलेले असेल तर समाधान मानू नये, कोणते ते लेखी विचारावे. ओळखीची खूण अशी की डुकराच्या कातडीवर केसांची छिद्रे तीन-तीनच्या त्रिकोणी झुबक्यांत दिसतात. मात्र पृष्ठभाग घासून किंवा रंग चढवून ही खूण बुजवलेली असू शकते. ज्याला शंका नको त्याने शेळीच्या चामड्याचे किंवा पूर्ण कृत्रिम कापडाचे ठेवावेत. शेळीचे चामडे हातमोज्यांना उत्तमच असते.

शिंपी बंधूंसाठी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बॉम्बर विमानांतील सैनिक विजेवर तापणारे पोशाख घालत. पंचवीस हजार फुटांवर, उघड्या खिडकीशी, उणे चाळीस अंशांत त्यांना तासन् तास बसावे लागे. सुरुवातीच्या पोशाखांत तारा एकामागून एक अशा जोडल्या होत्या. एका बोटापाशी तार तुटली की सगळा पोशाख गार. आजच्या जाकिटांतही हा दोष ओळखता येतो. जाकीट चालू करून प्रत्येक पट्टीवर हात ठेवा. जोडणी स्वतंत्र असेल तर एक पट्टी मेली तरी बाकीच्या चालतात.

पट्टी बहुधा कार्बन धाग्याची किंवा बारीक धातूच्या तारेची असते. कार्बन धागा मुडपण्याला जास्त टिकतो. परंतु आमच्या पाहण्यात पट्टीपेक्षा जोड आधी तुटतो. खिशात प्लग जिथे येतो ती जागा आणि छातीवरच्या बटनामागची जागा, या दोन ठिकाणी ताण बसतो. अस्तराची टीप उसवून, जोड डाग देऊन आणि त्यावर नळी चढवून पुन्हा शिवून देणे हे शिंपी आणि मोबाईल दुरुस्तीवाला यांनी मिळून करण्याजोगे काम आहे. तार तुटली म्हणून महागाचे जाकीट फेकण्याची पाळी आलेले लोक अशा दुरुस्तीचे पैसे आनंदाने देतील.

एक सावधगिरी ठेवावी. हे जाकीट आल्टरला आले तर आधी चालू करून गरम जागा खडूने आखून घ्यावी. त्या आखणीतून सुई नेऊ नये, कात्री तर नकोच. चेन बदलणे, बाही आखूड करणे, खिसा लावणे बिनधोक. कमर कमी करताना पाठीतली पट्टी मध्ये येत असेल तर काम सरळ नाकारावे. इस्त्री फिरवू नये. धुण्याचे सांगायचे तर बॅटरी काढावी, प्लगला टोपी लावावी, हाताने चुबकावे, पिळू नये आणि पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरी जोडू नये. ड्रायक्लीनला देऊ नये. या सूचना मराठी-उर्दूत छापून खिशात घातल्या तर दुकानदाराचा अर्धा त्रास वाचतो.

कागदपत्रे

आपले पुष्कळ बांधव बिनबिलाचा माल स्वस्त पडतो म्हणून उचलतात. या मालात ते अंगाशी येऊ शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी सांगितली आहे. त्यात, बनवणारा कोण हेच कळत नसेल तर ती विकणाऱ्यावर येऊ शकते. म्हणजे बेनाम जाकिटाने कोणाची पाठ भाजली तर घाऊक व्यापारी नामानिराळा राहील आणि नोटीस किरकोळ दुकानदाराच्या नावे निघेल. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, किंमत आणि महिना-वर्ष असलेच पाहिजे. ते नसेल तर घेऊ नये.

पॉवर बँक आणि लिथियम बॅटरी यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्यावर ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो आणि ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल ॲपवर तो घालून पाहता येतो. घाऊक दुकानात उभे राहून हे दोन मिनिटांत होते. आमच्या स्नेह्यांनी त्यांच्या बँकेचा क्रमांक आमच्यासमोरच घालून पाहिला. तो खरा निघाला, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

कराचेही पाहून घ्यावे. विजेवर तापणारे कपडे सीमाशुल्काच्या वर्गवारीत विद्युत उपकरणांच्या प्रकरणातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. ते कपड्यांतच मोडतात. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. पॉवर बँक मात्र १८ टक्क्यांत. जाकीट आणि बँक एकाच खोक्यात, एकाच किमतीला विकल्यास दर कोणता लावायचा हे आपल्या कर सल्लागाराला विचारून मगच बिल फाडावे. जाकीट वेगळे व बँक वेगळी विकण्यात आम्हाला दुसरीही सोय दिसते. ज्याच्याकडे चांगली बँक आहे त्याला दुसरी घ्यावी लागत नाही.

विमानाने जाणाऱ्या गिऱ्हाइकाला एक सूचना अवश्य द्यावी. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंत नेता येते. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. १०,००० ची बँक ३७ आणि २०,००० ची ७४ वॅट-अवर, म्हणजे दोन्ही मर्यादेत. पण बँकेवर आकडा वाचता आला पाहिजे, पुसट असेल तर विमानतळावर ती काढून घेऊ शकतात. आखाती मार्गावर एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई केली आहे, आणि १०० वॅट-अवरखालची एकच सोबत ठेवू देतात. इतर कंपन्यांचे नियमही बदलत आहेत, तिकीट काढताना विचारलेले बरे.

त्या तरुणाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. स्नेह्यांनी जाकीट परत घेण्याची तयारी दाखवली. त्याने हिशेब ऐकून घेतला, थोडा विचार केला आणि जाकीट ठेवून घेतले, पण दुसरी बँक खरेदीच्या भावात मागितली. ती त्याला मिळाली. त्या रात्री दुकान बंद झाल्यावर स्नेह्यांनी आणि त्यांच्या मुलाने एक जाकीट पूर्ण तापमानावर चालू करून भिंतीवरच्या घड्याळात वेळ मोजली. दोन तास पन्नास मिनिटे. दुसऱ्या दिवशी उरलेल्या प्रत्येक खोक्यावर त्यांनी हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली: ‘पूर्ण गरम – पावणेतीन तास. बर्फात त्याहून कमी. शुगर असल्यास आधी सांगा.’

मार्चपर्यंत तीसपैकी एकोणीस नग गेले. चिठ्ठी लावल्यानंतर एकही परत आला नाही. उरलेले अकरा माळ्यावर आहेत, बँका काढून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि दर दोन-तीन महिन्यांनी मुलगा त्या अर्ध्यापर्यंत चार्ज करून पुन्हा डब्यात ठेवतो.